एअरोस्पेसला नवीन आहात? मग लिफ्टचं उत्तर आधी पक्कं करा

ज्युनियर मुलांचे मेसेज येत असतात, एअरोस्पेसला ॲडमिशन झालीये किंवा मेकॅनिकल करतोय पण एअरोडायनॅमिक्समध्ये जायचंय, सुरुवात कुठून करू. मी आधी एवढंच विचारतो, विमानाचा पंख वर कशामुळे उचलला जातो, म्हणजे लिफ्ट कुठून येते ते सांग. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं, की वरची बाजू फुगीर असते म्हणून वरच्या हवेला जास्त अंतर कापावं लागतं, आणि खालच्या हवेसोबत मागच्या टोकाला एकाच वेळी पोचायचं असतं म्हणून ती जोरात पळते, स्पीड जास्त म्हणजे बर्नूलीच्या नियमाप्रमाणे प्रेशर कमी, झाली लिफ्ट. यातला शेवटचा भाग, स्पीड जास्त तिथे प्रेशर कमी, बरोबर आहे, त्याच्या आधीचं कारण साफ चुकीचं आहे, आणि शेवट बरोबर असल्यामुळे परीक्षेत मार्क मिळून जातात, म्हणून हे उत्तर इतकी वर्षं टिकलंय.

एकाच वेळी पोचायचं असा हवेवर कुठलाही नियम नाही. पंखाच्या पुढच्या टोकाशी वेगळे झालेले दोन कण मागे परत भेटतात असं सांगणारं एकही समीकरण नाही. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी 2003 च्या सुमारास विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेलवरून हवा सोडायच्या बोगद्यात, धूर थांबवून थांबवून सोडला, त्याचा व्हिडिओ नेटवर सहज मिळतो, तो आत्ताच बघा. वरचा धूर खालच्याच्या बराच आधी मागच्या टोकाला पोचतो, खालचा मागेच राहतो, आणि ते पुढे कधीच जुळत नाहीत. म्हणजे वरची हवा त्या नियमाला लागते त्यापेक्षाही जोरात जाते.

आता एक गणित करा, कारण नुसतं चूक आहे म्हणून सोडलं तर डोक्यात बसत नाही. सेसना 172 घ्या, वजन साधारण 1111 किलो, पंखाचं क्षेत्रफळ 16.2 चौरस मीटर, वेग 62 मीटर प्रति सेकंद म्हणजे 120 नॉट्स. तिच्या पंखासारख्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे पंख कापला तर दिसणाऱ्या आकारात, वरचा रस्ता खालच्यापेक्षा जेमतेम दोनेक टक्के लांब असतो. एकाच वेळी पोचायचं मानलं तर वरचा वेग 2 टक्के जास्त धरा आणि बर्नूली लावा, प्रेशरचा फरक निघतो सुमारे 95 पास्कल, सगळ्या पंखाला मिळून 157 किलोच्या आसपास उचल. वजनाचा सातवा भाग! विमान जमिनीवरून उचललंही गेलं नसतं. हे गणित वहीत स्वतः करून बघा, मग ते जुनं उत्तर परत कधी तोंडात येणार नाही.

बाकीचे पुरावे आकाशात रोज दिसतात. हवाई दलाच्या सूर्यकिरण टीमचं हॉक विमान उलटं उडताना तुम्ही बघितलं असेल, फुगीर बाजू खाली असताना लिफ्ट वरच लागतेय. एक्स्ट्रा 300 सारख्या एरोबॅटिक विमानाचा पंख तर वरून खालून सारखाच असतो. आणि नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी 1960 च्या दशकात जो सुपरक्रिटिकल पंख काढला, त्याची वरची बाजू बरीचशी सपाट असते आणि खालच्या बाजूला मागे खोलगट वळण असतं. त्याच विचाराचे पंख घेऊन आजची मोठी प्रवासी विमानं उडतात. कॅम्बर, म्हणजे पंखाचा बाक, उपयोगी आहे, पण लिफ्टसाठी तो असलाच पाहिजे असं नाही, हवेशी केलेला कोन पुरतो.

मग खरं काय होतं? हवा पंखाला धरून वळते. वळणाऱ्या हवेला आतल्या बाजूला ओढणारं बल लागतं, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला प्रेशर कमी आणि बाहेर जास्त असायलाच हवं. कपातला चहा ढवळला की मध्ये खड्डा पडतो, तिथे हेच चाललेलं असतं. पंखाच्या वर प्रवाह खाली वळतो, वळणाची आतली बाजू म्हणजे पंखाचा पृष्ठभाग, म्हणून तिथे प्रेशर वातावरणापेक्षा खाली जातं, आणि पंखाखाली तोच प्रवाह वळताना प्रेशर थोडं वाढतं. प्रेशर कमी असलेल्या भागाकडे येताना हवेचा वेग वाढतो, म्हणजे बर्नूली इथे येतो, पण वेगामुळे प्रेशर कमी झालं असं एकतर्फी म्हणू नका, दोन्ही एकमेकांना धरूनच ठरतात.

यावरून हॉस्टेलमध्ये एक वाद हमखास होतो, बर्नूली की न्यूटन. तो वादच नाही हो. पंखाच्या पृष्ठभागावरचं प्रेशर बेरजेत घ्या, लिफ्ट मिळते. हवेला खाली ढकलताना तिच्या मोमेंटममध्ये झालेला बदल नीट मोजा, तीच लिफ्ट मिळते. एकच हिशोब दोन बाजूंनी. चुकीचं आहे ते न्यूटनचं नाव घेऊन सांगितलेलं दुसरं उत्तर, की हवेचे कण पंखाच्या पोटावर आपटतात आणि पंख वर उडतो, पाण्यावर भाकरी मारल्यासारखा. त्यात वरच्या बाजूला काही कामच उरत नाही, आणि नेहमीच्या उड्डाणात लिफ्टचा मोठा वाटा वरच्या बाजूच्या कमी प्रेशरमुळेच असतो.

फरक किती लागतो तेही बघून ठेवा. ए 320 चं टेकऑफचं जास्तीत जास्त वजन साधारण 78 टन आणि पंख सुमारे 122 चौरस मीटर, भागाकार केला तर सव्वासहा किलोपास्कल. वातावरणाच्या दाबाच्या फक्त सहा टक्के. एवढ्याशा फरकावर भरलेलं विमान तरंगतं, मला अजूनही हा आकडा सांगताना आनंद होतो.

हे सगळं मला खरं कळलं ते विंड टनेलच्या लॅबमध्ये. मॉडेलच्या पंखाला बारीक भोकं, त्यातून नळ्या प्रेशर मोजणाऱ्या मॅनोमीटरला, आणि कोन वाढवत गेलं की पुढच्या टोकाजवळच्या नळ्यांमधलं पाणी भराभर चढतं, मागच्या नळ्यांमध्ये फारसं काही होत नाही. म्हणजे सगळा खेळ पंखाच्या पुढच्या भागात आहे. कोन अजून वाढवला, पंधरा अंशांच्या जवळ गेलात की पुढच्या नळ्यांमधला पाण्याचा तो उंच सुळका धाडकन कोसळतो, तोच स्टॉल. बाहेरच्या लोकांना स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं वाटतं, तसं नाही, प्रवाह पंखाला धरून राहू शकला नाही म्हणजे स्टॉल, आणि तो कोनावर ठरतो, वेगावर नाही, जोरात जाणारं विमानही खेचून कोन वाढवला तर स्टॉल होतं. कॉलेजमध्ये असा टनेल असेल तर रीडिंग घेणाऱ्या मित्राच्या मागे उभं राहून जर्नल उतरवू नका, स्वतः कोन फिरवा.

इंटरव्ह्यूला पुढचा प्रश्न हाच येतो, की हवा पंखाला धरून वळतेच का. इथे बहुतेक जण अडकतात. उत्तर व्हिस्कॉसिटीत, म्हणजे हवेच्या चिकटपणात आहे. मागच्या धारदार टोकाला हवा वळसा घालून वर येऊ शकत नाही, घर्षणामुळे तिथून सरळ सुटते, याला कुट्टा कंडिशन म्हणतात, आणि त्यावरून पंखाभोवती सर्क्युलेशन, म्हणजे प्रवाहाचं गोल फिरणं, किती ते ठरतं. 1902 ते 1906 च्या काळात कुट्टा आणि झुकोव्हस्की यांनी वेगवेगळं काम करून सूत्र बसवलं, पंखाच्या दर मीटर लांबीला लिफ्ट म्हणजे घनता गुणिले वेग गुणिले सर्क्युलेशन. तेवढं समजावून सांगता आलं की समोरच्याला कळतं, या मुलानं पाठ केलेलं नाही.

सीएफडीत, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित सोडवण्याच्या कामात, नोकरी करायची असेल तर हे सगळं रोज लागतं. नवीन मुलं डोमेनची, म्हणजे गणितात घेतलेल्या हवेच्या भागाची, बाहेरची बाउंड्री पंखापासून पाच-दहा कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे पंखाची पुढून मागची रुंदी) ठेवतात आणि लिफ्टचा आकडा जुळत नाही म्हणून मेश, म्हणजे गणिताची जाळी, बारीक करत बसतात. पंखाचा परिणाम लांबवर पसरलेला असतो, हळूहळू विरतो, म्हणून बाउंड्री पन्नास-शंभर कॉर्ड लांब न्यावी लागते. हवा पोटावर आपटते एवढंच डोक्यात असेल तर हे सुचणारच नाही.

सुरुवात मात्र महागड्या सॉफ्टवेअरने करू नका. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी 1986 मध्ये लिहिलेलं एक्सफॉइल, पंखाच्या प्रोफाइलवरचा प्रवाह काढणारा प्रोग्राम, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. नाका (NACA) 0012 टाका, वरून खालून सारखी प्रोफाइल. व्हिस्कॉसिटी बंद ठेवून कोन शून्यावरून अठरापर्यंत न्या, शून्याला लिफ्ट शून्य, पाच अंशाला लिफ्टचा गुणांक 0.6 च्या आसपास, आणि पुढे रेषा सरळच चढत जाईल, ड्रॅग (हवेचा विरोध) जवळजवळ शून्य, स्टॉल नाहीच. मग रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि आकाराच्या मानाने व्हिस्कॉसिटी किती ते सांगणारा आकडा) तीस लाख देऊन व्हिस्कॉसिटी चालू करा आणि तेच कोन परत चालवा. दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवा, आणि रेषा कुठल्या कोनाला वेगळ्या व्हायला लागतात, त्या कोनाला वरच्या बाजूची बाउंड्री लेयर, म्हणजे पंखाला लागून असलेला हवेचा पातळ थर, मागून किती सुटलीये, हे बघून वहीत लिहा, मग मला मेसेज करा.