जैसलमेरच्या वाळूत रात्र काढायला निघालात? या चुका टाळा

जैसलमेरचा बेत ठरला की आपल्याकडं एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आम्हाला कसलं ऊन सांगता, आम्ही मराठवाड्याचे!” ते खरंही आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तो उन्हाळा ज्यांनी घागरी मोजत काढला, त्यांना पाण्याची किंमत राजस्थाननं शिकवायला नको. पण थारमध्ये आपला माणूस फसतो तो बहुतेक वेळा याच भरवशावर. टोपी, गॉगल, उपरणं, ओआरएस अशी उन्हाची सगळी जय्यत तयारी असते आणि फजिती होते ती थंडीनं, वाळूनं नाहीतर चुकीच्या बुकिंगनं.

मे महिन्याची सुट्टी गाठणं

पोरांना सुट्टी म्हणून मे धरणारे अजूनही भेटतात. जोधपूरहून जैसलमेरला जाताना लागणाऱ्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. यापुढं बोलण्यासारखं काही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस. त्यातही दिवाळीचा आठवडा आणि नाताळ ते एक जानेवारी टाळा. तेव्हा गर्दी मरणाची आणि तंबूचे भाव चढे.

रात्रीला हलक्यात घेणं

सगळ्यात जास्त हाल इथं होतात. जानेवारीत दुपारी चोवीस-पंचवीस अंश असतात, माणूस टी-शर्टवर हिंडतो. संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो काढेपर्यंत सगळं छान. मग पारा सरळ सात-आठ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. हवेत दमटपणा नाही, आकाश मोकळं, त्यामुळं वाळूनं दिवसभर घेतलेली ऊब अंधार पडताच निघून जाते. परभणीकरांना हा आकडा नवा नाही, पण परभणीत आपण पक्क्या भिंतींच्या आत झोपतो. तिथं मध्ये फक्त कापड असतं.

स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे लागतातच. पण खरी मेख अंथरुणात आहे. लोक अंगावर दोन-दोन रजया घेतात आणि तरी कुडकुडतात, कारण थंडी खालून चढत असते. दोन रजया मिळाल्या तर एक खाली अंथरा. स्वतःचा तंबू असेल तर खाली फोमची मॅट हवी, त्यावर घोंगडी. दुपारी घाम जिरलेला बनियन झोपण्याआधी बदला. आणि थंडी वाजते म्हणून तंबूची चेन गच्च लावून घेऊ नका. श्वासातली वाफ आतून कापडावर धरते आणि पहाटे अंथरूण ओलसर लागतं. वरची जाळी थोडी उघडी ठेवा. शेकोटी किंवा कोळशाची शेगडी तंबूच्या आत मात्र कधीही नको. त्या धुरातला विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

थंडीत तहान लागत नाही, हीसुद्धा फसगतच. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळतही नाही. डोकं दुखायला लागलं की चहाआधी पाणी प्या.

नुसते फोटो पाहून कॅम्प ठरवणं

वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं सम हे गाव जैसलमेरपासून साधारण चाळीस किलोमीटरवर. जाहिरातीत एकटा तंबू आणि अथांग वाळू दिसते. प्रत्यक्षात रस्त्याकडेला ओळीनं कॅम्प, रात्री डीजे, आणि वाळूच्या टेकड्या गाडीनं जाण्याइतक्या लांब. ज्यांना नाचगाणं हवं त्यांनी खुशाल समला जावं. शांतता हवी असेल तर वाळूच्या टेकड्यांजवळच्याच खुहडी गावाचा विचार करा. बुकिंगआधी फोनवर विचारायच्या गोष्टी: तंबूपासून टेकडी पायी किती, डीजे किती वाजेपर्यंत, उंट आणि जीप पैशात धरलेत की वेगळे. उघड्या जीपमध्ये दांडा धरून उभं राहायला सांगतात, तेव्हा बसूनच राहा.

चांदण्यांसाठी जाणाऱ्यांनी पंचांग बघावं. जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमारास असतो. तेव्हा वाळू सुरेख उजळते, पण तारे फिके पडतात. मृग आणि कृत्तिका झगझगीत बघायच्या तर अमावस्येचा आगेमागचा आठवडा धरा.

वाळूत नेहमीसारखा तंबू ठोकणं

आधी परवानगी. बराच भाग राष्ट्रीय मरू उद्यानात येतो आणि पुढं सीमा आहे. मनाला येईल तिथं मुक्काम चालत नाही. ड्रोन तर घरीच ठेवा. गावातल्या माणसाला किंवा कॅम्पवाल्याला विचारूनच जागा घ्या. टेकडीच्या माथ्यावर वारा झोडपतो, अगदी तळाशी गार हवा साचते, म्हणून मधला सपाट टप्पा बघा. खुंट्या वाळूत धरत नाहीत, हात लावला की वर येतात. त्याऐवजी कापडी पिशव्या वाळूनं भरा, दोरी पिशवीच्या मधोमध बांधा आणि हात-दीड हात खोल पुरा. हे धरतं.

जळणासाठी खेजडीला हात लावू नका. ही आपलीच शमी. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये अमृतादेवींसह तीनशे त्रेसष्ट बिश्नोई माणसांनी या झाडांसाठी जीव दिला. शेकोटी हवीच असेल तर लाकूड कॅम्पवाल्याकडून घ्या.

फुरसं तिकडंही आहे, विंचूही. बूट झटकून घाला, रात्री लघवीला जाताना बॅटरी घ्या. दंश झालाच तर चिरा मारणं आणि आवळून दोरी बांधणं नको. हात किंवा पाय हलू न देता थेट जैसलमेर गाठा.

उंटावर पुढं झुकणं

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो. दोन्ही वेळा तुम्ही पुढं फेकले जाता, म्हणून दोन्ही वेळा मागं रेला. जीन्स नको, सैल पायजमा घाला. पहिल्या खेपेला तासभर पुरे.

गाडी रुतल्यावर रेस करणं

पहिल्या पावसात काळ्या रानात ट्रॅक्टर फसतो, तसंच इथं होतं: जेवढा जोर द्याल तेवढं चाक खाली. थांबा. चाकांपुढची वाळू हातानं उकरा, हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली गोणपाट सारा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायानं काढा. बाहेर आल्यावर मध्ये न थांबता कडक जमिनीपर्यंत न्या. हवा भरायचा छोटा पंप गाडीत नसेल तर हवा उतरवण्याआधी जीपवाल्याला फोन करा. मोबाईलला रेंज कुठवर आहे, हे डांबरी रस्ता सोडण्याआधीच बघून ठेवा.