देवावर भार टाकताना या चुका टाळा

गाऱ्हाणं घालताना 'बा देवा म्हाराजा' अशी गुरवाने सुरुवात करावी, मागून सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणावं, आणि छातीवरचं ओझं उतरावं. कोकणात वाढलेल्याला हा आधार समजावून सांगावा लागत नाही. देव त्याच्या वेळेला करतो, यावर माझाही पूर्ण विश्वास आहे. पण घाईची वेळ आली की याच विश्वासात काही चुका शिरतात. त्यातली पहिली तर जिवावर बेतते.

साप-विंचू चावल्यावर कौल लावत बसणं, म्हणजे देवाला फुलं-पानं लावून ती उजवीकडची पडतात की डावीकडची यावरून उत्तर बघत बसणं. फुरसं आपल्याकडे कातळावर, दगडांच्या आडोशाला सर्रास असतं. फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, ते रुग्णालयात मिळतं. १०८ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी काढा. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, दोरीने आवळू नका, जखम कापू नका, विष उतरवणाऱ्याकडे वाट वाकडी करू नका. गाऱ्हाणं घरी राहिलेल्यांनी घालावं. गाडीत बसलेल्याने मनातल्या मनात घालावं. लाल विंचवाचंही तेच. दंशानंतर दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडू लागले, तर एक क्षण दवडू नका. या दंशाने पूर्वी कोकणात कितीतरी मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यावर वापरलं आणि मरणारी मुलं वाचू लागली. मला यात देवाचाच हात दिसतो. पण रुग्ण त्या हातापर्यंत पोचवायचं काम आपल्यावर आहे.

होडी परतली नाही तरी 'येतील, देव आहे' म्हणत रात्र काढणं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. आधी फोन, मग देवासमोर दिवा.

उजवा, म्हणजे होकाराचा, मिळेपर्यंत कौल लावत राहणं. मुलीचं लग्न, जमिनीचा दावा, मुंबईतली नोकरी... डावा कौल आला की पुन्हा लावायचा, पुन्हा डावा आला की दुसऱ्या देवळात जायचं. अशा वेळी आपण देवाला विचारत नसतो, आपल्या भीतीची समजूत काढत असतो. नवसाला तारीख घालणंही यातलंच. 'गणपतीच्या आत काम होऊ दे' असं म्हटलं की गणपती येईपर्यंत झोप उडते आणि तारीख टळली की देवावरचा विश्वास डळमळतो. तारीख घालायचीच असेल तर आपल्या कामाला घाला: अर्ज कधी करणार, वकिलाला कधी भेटणार. उत्तर कधी द्यायचं ते देवावर सोडा.

घाबरलेल्या मनाने कायमचे निर्णय घेणं. यावर जरा थांबतो, कारण हे नुकसान दिसायला वेळ लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. डोळ्यांसमोर वाडी झोपली की पहिला विचार विकून मोकळं होण्याचा येतो, आणि देवाने वाट दाखवली म्हणावं असं गिऱ्हाईकही नेमकं दारात उभं राहतं. त्या महिन्यात सही करू नका. आधी पंचनामा करून घ्या, कागद जपा, उभी राहतील तेवढी झाडं उभी करा, पावसात रोपं लावा. बाणवली नारळ धरायला सहा-सात वर्षं घेतो. तोवर पोटाला मधलं पीक लागतं, केळी लावा, जागा असेल तर भाजी करा. देवाच्या वेळेवर विश्वास ठेवण्याचा अवघड भाग हाच आहे. रोप लावून झाल्यावरही ती वर्षं काढावी लागतात. एवढं करूनही वाडी परवडत नसेल तर विकण्यात काही पाप नाही, फक्त तो हिशोब शांत डोक्याने झालेला असावा.

आणखी एक चूक आपण दुसऱ्याच्या दारात करतो. ज्याच्या घरात माणूस गेलंय किंवा ज्याचा मुलगा अतिदक्षता विभागात आहे, त्याला 'देवाच्या मनात असेल ते होईल' म्हणून मोकळं होणं. तो स्वतः म्हणाला तर ऐकून घ्या. नाहीतर रुग्णालयात रात्रीची पाळी घ्या, घरच्यांना पेज-भाजी पोचवा, त्यांची गुरं बांधा, रक्त लागणार असेल तर माणसं गोळा करा.