न्हाणीघर फोडण्याआधी: नागपूरच्या घरासाठी तयारीची यादी

आपल्याकडचं न्हाणीघर आधीपासून भिंतीपासून भिंतीपर्यंत ओलंच असतं. बादलीने अंघोळ, तिथेच कपडे धुणं, मग खराट्याने पाणी लोटणं. आता आईबाबांच्या गुडघ्यांसाठी उंबरठा काढून, शॉवरला वेगळा कठडा न करता सगळी फरशी एका ओघात घ्यायची, म्हणजेच वेटरूम करायची, असं बरीच घरं ठरवतात. निर्णय उत्तम आहे. फक्त उंबरठा गेला की पाण्याला बेडरूमचा रस्ता मोकळा होतो, म्हणून फरशीखालचं काम दुप्पट काळजीने करावं लागतं. टाइल आणि तिच्या सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट पाणी अडवत नाहीत. अडवतो तो टाइलखालचा वॉटरप्रूफिंगचा लेप. पैसे कमी पडत असतील तर टाइल स्वस्त घ्या, लेपात काटकसर करू नका.

आधी महिना ठरवा. नागपुरात दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात चांगला. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो तेव्हा सिमेंटच्या लेपातलं पाणी त्याचं काम होण्याआधीच उडून जातं आणि बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात स्लॅब वाळत नाही, शिवाय खालच्या घरात दिसणारी ओल न्हाणीची की बाहेरच्या भिंतीची, हे कळत नाही. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर लेप सकाळी लवकर लावायचा, आधी पृष्ठभाग ओला करून वरचं साचलेलं पाणी टिपून घ्यायचं. छत्तीसगड, बालाघाटकडचे मजूर असतील तर ते धान कापणीला गावी जातात, तेव्हा मिस्त्रीची तारीख पक्की करूनच फोडायला घ्या. घरात दुसरं न्हाणीघर नसेल तर निदान तीन आठवडे अंघोळीची सोय कुठे, तेही आधीच बघा.

फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या काकूंकडे स्वतः जा. त्यांच्या छताचे फोटो काम सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या समोरच काढा. पुढे पाण्याची चाचणी करताना त्यांचंच छत बघायला लागणार आहे. घर काळ्या मातीवरच्या एखाद्या नव्या लेआउटात, तळमजल्यावर असेल तर वेगळी काळजी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. खालचा मुरूम नीट दाबलेला नसेल तर फरशी खचते आणि तिच्यासोबत लेपही फाटतो. तिथे मुरमावर लोखंडी जाळी टाकून काँक्रीटचा थर आधी घ्या.

मग कागदावर उतार काढा. 80 ला 1, म्हणजे 80 मिलिमीटर लांबीत 1 मिलिमीटर, हा उतार धरला तर 8 फुटांच्या लांबीत जवळपास 30 मिलिमीटर फरक येतो. हा फरक ड्रेनच्या दिशेने कुठून मिळणार, दाराशी फरशी किती उंच राहणार, हे फोडण्याआधी ठरायला हवं. ‘हो जाएगा साहब’ यावर थांबू नका, लेव्हल पाइपने भिंतीवर खुणा करून घ्या. ड्रेनची जाळी खोलीच्या मधोमध असली तर चारही बाजूंनी उतार लागतो आणि मोठी टाइल कापून कापून बसवावी लागते. माझं मत, भिंतीलगत लांब ड्रेन घ्या. उतार एकाच दिशेला राहतो, वृद्धांच्या पायालाही तो सोपा. ट्रॅप, म्हणजे ड्रेनखालचा पाणी धरून ठेवणारा भाग, निदान 50 मिलिमीटर पाणी उभं राहील असाच घ्या, नाहीतर वास येतो.

खरेदीला निघण्याआधी क्षेत्रफळ मोजा. इथे जवळपास सगळे चुकतात. 8 बाय 5 चं न्हाणीघर म्हणजे 40 चौरस फूट, एवढंच धरून लेपाचा डबा आणतात. पण चारही भिंतींवर एक फूट चढवायचा म्हणजे आणखी 26. शॉवरच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींवर तीन-तीन फूट रुंदीत 7 फुटांपर्यंत न्यायचा, म्हणजे वरचे 36. झाले 102 चौरस फूट, तेही दोन हात. दुकानदाराला हा आकडा सांगा. सोबत कोपऱ्यांसाठी जाळीची पट्टी, पाइपांभोवती भरायला न आक्रसणारं ग्राउट, टाइल अॅडेसिव्ह आणि इपॉक्सी ग्राउट. कन्हानची रेती आणली तरी चाळून, धुऊन घ्या. लेप कालवायला बोअरचं खारं पाणी नको, नळाचं वापरा.

फोडल्यावर जुनी भरणी पूर्ण काढा. तोच मलबा परत खाली ढकलायची घाई होते, ती थांबवा. पाइप बदलून झाले की प्रेशर पंप लावून तपासा आणि मेजरिंग टेप शेजारी ठेवून भिंतींचे फोटो काढा. आधारासाठी लावायच्या दांड्यांची जागा आत्ताच ठरवा. टाइल लागल्यावर ड्रिल केलं की लेपाला भोक पडतं. तरीही पाडावंच लागलं तर त्या भोकात सिलिकॉन भरून मगच स्क्रू पिळा.

भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात मिस्त्रीकडून वाटा मारून, म्हणजे सिमेंटने कोपरा गोल करून घ्या, काटकोनात लेप आधी फुटतो. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. दाराच्या चौकटीखालून लेप बाहेरच्या फरशीच्या काठापर्यंत जायलाच हवा. वेटरूममध्ये पाणी फुटतं ते बहुतेक इथेच. चौकट लाकडी असेल तर ग्रॅनाइटची करा.

आता चाचणी. लेप पाकिटावर दिलेले दिवस सुकू द्या, ड्रेन बंद करा, दारात सिमेंटची तात्पुरती पाळ घाला आणि 2 इंच पाणी भरा. 40 चौरस फुटांत ते साधारण 190 लिटर होतं. पातळीला पेन्सिलची खूण करा आणि 48 तास सोडा. नागपूरच्या हवेत थोडं पाणी उडून जाणारच, म्हणून तिथेच एक पाण्याची बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. दोन्ही सारखी उतरली तर बाष्पीभवन, फरशी जास्त उतरली तर गळती. मग काकूंचं छत बघा. न्हाणीचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली, खोलगट असेल तर ही चाचणी तिथे भरणी टाकण्याआधी एकदा आणि वरच्या लेपावर परत एकदा. ठेकेदाराशी बोलताना पैशांचा मोठा हप्ता या दुसऱ्या चाचणीनंतरच द्यायचा, असं कागदावर लिहून घ्या.

टाइल मॅट घ्या, घसरणीचा दर्जा आर 11 असेल तर वृद्धांसाठी बरं. गीझर आणि एक्झॉस्टचं बटण बाहेर, लाइनवर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. शेवटी टाइलची एक पेटी शिल्लक ठेवा आणि पेटीवरचा शेड क्रमांक फाडू नका, पुढच्या वेळी तोच शेड मिळेलच असं नाही.