आउट ऑफ सिंक आला की शेवटच्या क्लिकवर भरवसा ठेवू नका

बडोद्यात ओळखीतली बरीच पोरं सध्या गेम टेस्टिंगकडे वळायला बघतायत, कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारे काहीजण तर भेटले की हेच विचारतात, दादा सुरुवात कुठून करू. बग रिपोर्टमध्ये, म्हणजे गेममधली चूक टीमला कळवताना, स्टेप्स, एक्स्पेक्टेड (काय व्हायला हवं होतं), ॲक्च्युअल (काय झालं), व्हर्जन नंबर लिहायचे हे तुम्हाला येतं असं धरतो. माझे आउट ऑफ सिंकचे रिपोर्ट "रिप्रोड्यूस होत नाही", म्हणजे आमच्याकडे ही चूक परत घडत नाही, म्हणून बंद व्हायचे ते का, तेवढंच नीट सांगतो, कारण त्या काळात हे काम आपल्याला जमणारच नाही असं खरंच वाटायला लागलं होतं.

बऱ्याच ऑनलाईन स्ट्रॅटेजी गेममध्ये कुठला सैनिक कुठे उभा आहे हे नेटवरून जातच नाही. जातात त्या फक्त कमांड, म्हणजे हे घोडेस्वार तिकडे ने, इथे बराक बांध, आणि प्रत्येकाचा कॉम्प्युटर तीच लढाई आपापली मोजत बसतो. याला लॉकस्टेप म्हणतात. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्समध्ये हेच होतं, २८.८ च्या मोडेमवर शेकडो सैनिकांच्या जागा पाठवणं शक्यच नव्हतं. आता दोन मशीनचं उत्तर कुठेतरी किंचित वेगळं आलं तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. एकाकडे हरिण मेलेलं, दुसऱ्याकडे जिवंत, मग एकाकडे अन्न जास्त, मग एकाकडे सैनिक एक जास्त, आणि कधीतरी गेम दोन्हीकडची बेरीज ताडून बघतो तेव्हा आउट ऑफ सिंकचा (थोडक्यात ओओएस), म्हणजे दोन्हीकडचा खेळ आता जुळत नाही असा मेसेज येतो. तेव्हा तुम्ही किल्ल्याच्या दारावर क्लिक केलेलं असतं म्हणून तुम्ही लिहिता "दारावर क्लिक केलं की ओओएस येतो". डेव्हलपर बिचारा दिवसभर दार उघडबंद करतो, काही होत नाही, तिकीट (टीमच्या यादीतली तुमच्या बगची नोंद) बंद.

म्हणून मेसेज आला की पहिलं काम, दोन्ही बाजूंचे रिप्ले (खेळाचं रेकॉर्डिंग) आणि लॉग (गेम स्वतः लिहितो ती नोंदींची फाईल) कॉपी करा. दोन्ही, तुमचा एकट्याचा नाही, कारण फरक कळायला दोन उत्तरं लागतात. आणि लगेच करा, बऱ्याच गेमचा लॉग पुढच्या वेळी गेम उघडला की पुसला जातो. दोघांची ऑपरेटिंग सिस्टीम, मॉड (गेममध्ये बाहेरून टाकलेले बदल) आणि मध्येच कोणी डिस्कनेक्ट होऊन परत आलं होतं का हे लिहा. हे परत येणं फार महत्त्वाचं, कारण तेव्हा सगळी स्थिती सेव्ह होऊन परत लोड होते आणि एखादी गोष्ट सेव्ह करायची राहिली असेल तर फरक तिथूनच सुरू होतो. समोरच्या खेळाडूकडून फाईल त्याच रात्री मागून घ्या, नवरात्रात तर नक्कीच, एकदा सगळे गरब्याला गेले की नऊ दिवस कोणी हाताला लागत नाही.

कारण समजून घ्यायचं असेल तर झीरो ए.डी. या स्ट्रॅटेजी गेमचा कोड उघडा आहे, त्याच्या सिम्युलेशनमध्ये (लढाई मोजणाऱ्या भागात) फ्लोटऐवजी, म्हणजे मशीनगणिक किंचित वेगळे निघू शकणाऱ्या अपूर्णांकांऐवजी, फिक्स्ड-पॉइंट, म्हणजे ठरावीक अचूकतेचे आकडे का वापरलेत ते बघा. माझं स्पष्ट मत, आठवड्याच्या सर्टिफिकेट कोर्सपेक्षा हे वाचणं बरं. आणि रिपोर्ट एआयकडून लिहून घेऊ नका, न घडलेल्या स्टेप्स त्यात घुसतात. "रोज ढीगभर बग टाका" सांगणाऱ्या मेंटॉरचंही ऐकू नका.

फीडबॅक, म्हणजे गेम खेळून काय वाटलं ते सांगणं, वेगळा. बॅटल फॉर वेस्नॉथ या गेममध्ये मेजचा, म्हणजे जादूगाराचा, वार ७० टक्के वेळा लागतो आणि एका हल्ल्यात तो तीन वार करतो, तरी तिन्ही वार चुकायची शक्यता २.७ टक्के उरतेच, म्हणजे शंभर हल्ल्यांत सरासरी दोन-तीनदा हे होतं, हा बग नाही. एवढा हिशोब आधी करा. "धनुर्धर कमजोर करा" असं औषध लिहून देऊ नका, कुठला नकाशा, कितव्या मिनिटाला, तुम्ही काय काय करून बघितलं, कुठे हात टेकले ते लिहा, औषध टीम शोधेल. रागात लिहिलं तरी चालेल, पाठवा मात्र सकाळी.

फुकट सोनं मिळवायची ट्रिक सापडली तर चारचौघांत टाकू नका, टीमला खाजगीत कळवा, नाहीतर दुरुस्ती येईपर्यंत सगळी रँकिंग खराब होते.

सुरुवातीला तिकिटं बंद होतील, होऊ देत, सगळ्यांची होतात. टीमने जास्त माहिती मागितली म्हणजे तुमचा बग कोणीतरी खरंच उघडून बसलंय, तेव्हा उत्तर त्याच दिवशी द्या. फिक्स आला की नव्या व्हर्जनमध्ये स्टेप्स स्वतः परत करून बघा, जुना रिप्ले नव्या व्हर्जनवर बहुतेक चालत नाही, आणि बग गेला असेल तर तेही त्याच तिकिटावर लिहा.