वृत्तपत्रांचे आशय विश्लेषण कसे करावे : खान्देशातील संशोधक विद्यार्थ्यांसाठी

माध्यम व संज्ञापन संशोधन केंद्रात प्रबंधासाठी दाखल झालेला विद्यार्थी बहुधा पहिल्याच महिन्यात वृत्तपत्रांच्या फायली उपसायला बसतो आणि बरेच श्रम तिथेच वाया घालवतो. आशय विश्लेषण म्हणजे बातम्या ठरलेल्या नियमांनी वर्गवार लावून मोजणे; म्हणून फायलीला हात लावण्यापूर्वी विषयाचा प्रश्न करून घ्यावा. ‘खान्देशातील कृषी पत्रकारिता’ हा नुसता विषय झाला; जळगाव आवृत्तीतील केळीच्या बातम्या भावाविषयी अधिक असतात की नुकसानीविषयी, याचे उत्तर मात्र मोजून देता येते.

वर्षाचे ३६५ अंक वाचण्याची गरज नसते. वर्षातील सर्व सोमवारांतून चिठ्ठ्या टाकून दोन सोमवार काढावेत आणि याच रीतीने रविवारपर्यंत प्रत्येक वाराचे दोन अंक निवडावेत. अशा दोन रचित सप्ताहांचे १४ अंक दैनिकाच्या एका वर्षासाठी सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जातात. केळीसारखा एकच विषय असेल तर मात्र सप्ताह वाढवावेत, कारण इतक्या थोड्या अंकांत मोजण्याजोग्या बातम्या हाती लागत नाहीत. सलग पंधरवडा घेण्याचा मोह टाळावा. मे महिन्यातील वादळाचे दिवस नेमके त्यात आले, तर रावेर-यावलच्या भुईसपाट बागांखेरीज फायलीत दुसरे काही दिसणार नाही.

खरी कसोटी कोडिंग शीटची, म्हणजे प्रत्येक बातमी कोणत्या वर्गात मोडते हे नोंदवण्याच्या तक्त्याची आहे. ‘रावेर तालुक्यात वादळाने केळीचे नुकसान, भरपाईची मागणी’ ही एक कॉलमी बातमी हवामानाची, शेतीची की राजकारणाची? मथळ्यावरून ठरवायचे की पहिल्या परिच्छेदावरून, हा नियम आधी लिहून ठेवला नाही, तर सकाळी शेतीत टाकलेली बातमी संध्याकाळी राजकारणात जाते. माझ्या पहिल्या शीटमध्ये ‘इतर’ हा रकाना सर्वांत मोठा झाला होता, आणि ती शीट मला फाडावी लागली.

स्थळाचा रकाना विशेष जपून भरावा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या अंकांत शहादा, तळोदा, अक्कलकुवा येथील बातम्या धुळे जिल्ह्याच्याच म्हणून येतात. जुन्या-नव्या अंकांची तुलना करायची असल्यास जिल्ह्याऐवजी तालुका नोंदवावा. बातमीवर दिलेले गाव आणि घटनेचे गाव हेही वेगळे असू शकते. धडगावच्या पाड्यावरील बातमी नंदुरबारहून दिलेली असते.

बातमीची जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये (एक कॉलम रुंद व एक सेंटिमीटर उंच जागा हे एकक) मोजायची, तर छापील अंकावर पट्टी ठेवूनच. ई-पेपर पडद्यावर लहान-मोठा होतो, म्हणून तिथे बातमीने पानाचा किती भाग व्यापला हे नोंदवावे. ग्रंथालयातील बांधीव फायलींत पुरवण्या अनेकदा नसतात, हेही तपासावे.

शेवटी सुमारे दहा टक्के बातम्या दुसऱ्या व्यक्तीकडून, आपली शीट न दाखवता, कोड करून घ्याव्यात. नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये : दोघांनीही १०० पैकी ९० बातम्या ‘शेतीबाह्य’ ठरवल्या असतील, तर निव्वळ योगायोगानेच ८२ टक्के एकमत दिसते. हा योगायोग वजा करण्यासाठी कोहेनचा कप्पा हा एकमताचा निर्देशांक काढतात. तो कमी आला, तर दुसऱ्याला आपले म्हणणे पटवत बसू नये. नियम दुरुस्त करावा आणि आधी कोड केलेल्या बातम्याही नव्या नियमाने पुन्हा तपासाव्यात.