कोरल ब्यूटी मासा काहीच खात नव्हता, तो कसा खायला लागला

लक्षण: नवा कोरल ब्यूटी रीफ टँकमध्ये (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) सोडल्यापासून दगडाआडच. पेलेट (माशांच्या खाद्याची सुकी गोळी) तोंडात घ्यायचा, लगेच थुंकायचा. पाचव्या दिवशी पोट आत गेलेलं दिसलं. पाणी ठीक होतं: अमोनिया शून्य, विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५, तापमान २५ अंश.

पेलेट बदलून पाहिले, लसणाचा अर्क लावला, दिवे मंद केले. काही फरक नाही. मासा डोळ्यांदेखत खंगताना बघणं फार जड गेलं.

मग दिसलं की तो बाहेर आला रे आला, की टँकमधला जुना डॅमसेल मासा त्याला हुसकावतो. शिवाय कोरल ब्यूटी मासे निसर्गात दिवसभर खडकावरचं शेवाळ टिपत फिरतात; दोन वेळचं जेवण त्यांच्या सवयीचंच नाही.

आधी टँकच्या आतच छिद्रांची पारदर्शक ॲक्लिमेशन बॉक्स (नव्या माशाला रुळायला वेगळं ठेवायची पेटी) लावली. त्यात शेवाळ चढलेला लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेला समुद्री दगड), लपायला पाइपचा तुकडा आणि मासा. पहिले दोन दिवस फक्त जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), दिवसातून चारदा, थोडं थोडं. तिसऱ्या दिवशी बिनमसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागदासारखा तुकडा) रबरबँडने दगडाला बांधली. पाचव्यापासून आर्टेमियात वितळवलेलं फ्रोजन मायसिस (हेही कोळंबीसारखे छोटे जीव) मिसळलं आणि आर्टेमिया रोज कमी केला. आठव्या दिवशी मायसिसच्या पाण्यात भिजवलेले पेलेट दिले. ते त्याने गिळले!

दहाव्या दिवशी दोन सुटे दगड हलवून डॅमसेलचा इलाका मोडला, दिवे बंद केले, मगच याला सोडलं. नोरी अजून रोज बांधते. पोट भरलेलं असूनही तो झोआंथिडला (टँकमधल्या प्रवाळासारख्या मऊ जीवांना) टोचू शकतो, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवते.