गादीवाफा करा, पण सोलापूरच्या उन्हाला झेपेल एवढाच

परसात काळी माती आहे म्हटल्यावर भाजी आपोआप येईल असं वाटतं. पण पावसात हीच माती फुगून चिकट होते, मुळं गुदमरतात आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर उपाय म्हणजे गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच उचललेला वाफा. फक्त तो फार उंच करू नका. माझा पहिला वाफा दोन फुटी होता. दिसायचा झकास, पण एप्रिलमध्ये चारी बाजूंनी तापायचा आणि अकरा वाजताच मिरची माना टाकायची. आता मी फुटाच्या वर जात नाही.

भिंतीच्या पूर्वेची जागा धरा. सकाळचं ऊन मिळतं, दुपार कलली की सावली येते. रुंदी ३ फूट, लांबी ६ फूट पुरे. भिंतीपासून दीड फूट सोडा, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही.

आधी तळची जमीन कुदळीने वीतभर भुसभुशीत करा. कडेला शहाबादी फरशीचे दीड फुटी तुकडे उभे लावा, अर्धा फूट जमिनीत, फूटभर वर. सांधे सिमेंटने बुजवू नका, जादाचं पाणी तिथूनच निघून जातं.

भरायला ४०-४५ घमेली लागतात: दोन माती, एक जुनं शेणखत, एक कुजलेला पाला, या हिशेबाने. शेणखत हाताला गरम लागलं किंवा वास मारला तर ते कच्चं आहे, राहू द्या. वर तीन-चार मुठी निंबोळी पेंड. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटाच्या टिचकीने फुटला, की जमलं. नाही फुटला तर आणखी पाला घाला. वाळू मात्र नको. काळ्या मातीत थोडी वाळू पडली की माती वाळल्यावर दगडासारखी होते.

पाणी देऊन आठवडाभर थांबा. माती दोन-तीन बोटं खाली बसते, तेवढी भर घाला.

सुरुवात दिवाळीच्या सुमारास मेथी आणि कोथिंबिरीने करा. धणे रगडून दोन फाकी करूनच पेरा. रोपं चार बोटं झाली की ओळींमध्ये उसाचं पाचट अंथरा. नळाला रोज पाणी नसतं, हे सोलापूरकराला काय सांगायचं! पाचट बाजूला सारून बोट खुपसा. दोन पेरांपर्यंत ओल लागली तर त्या दिवशी बादली उचलू नका.